नावानिशी

"यशू, हिकडं ये जरा. तुझं चित्र आलंय बघ," दशरथमामांनी हाक मारली.

मी लगेच गेले नाही. दशरथमामा आमच्या संग्रहालयातले सुतार. खोकी उघडणं आणि चित्रं टांगणं हे त्यांचं काम, आणि पोरीबाळींची थट्टा करणं हे त्यांनी आपण होऊन अंगावर घेतलेलं जास्तीचं काम. आदल्याच दिवशी एका मिशाळ पैलवानाच्या चित्रासमोर मला उभं करून "ह्यो माझा मेव्हणा, लग्नाचा हाय, बघ जमतंय काय," असं त्यांनी विचारलं होतं. त्यामुळे हातातलं काम संपवून मी सावकाश गेले.

चित्र त्यांनी भिंतीला टेकवून ठेवलं होतं. वरचं गोणपाट अर्धंच सोडलेलं होतं आणि त्यातून एक बाई माझ्याकडे बघत होती. भुवया माझ्या. हनुवटी माझी. ओठ घट्ट मिटायची पद्धतसुद्धा माझी. फक्त उजव्या कानाची पाळी खालपर्यंत फाटलेली होती, ती माझी नव्हती. ती माझ्या आईची होती.

"काय, खोटं बोललो काय?" मामा म्हणाले. "तुझंच तोंड कापून लावलंय."

"असतं एकेकाचं साम्य," मी म्हणाले.

मामांनी उरलेलं गोणपाट ओढलं. चित्राच्या खालच्या कडेला, बाईचा पदर धरलेली एक इवलीशी मूठ होती. मूल चित्राबाहेर राहिलं होतं, मूठ तेवढी आत आली होती. आणि तिच्याखाली काळ्या रंगात, दुकानाच्या पाटीवर असावं तसं ठसठशीत अक्षर: केवळाबाई सुदाम खंदारे, बनपिंपळा.

माझ्या आईचं नाव शालन. शालन विठ्ठल कांबळे. केवळाबाई हे नाव मी जन्मात ऐकलं नव्हतं. तरीही ज्याला घाबरत मी लहानाची मोठी झाले ते हेच, हे मला कुणी सांगावं लागलं नाही.

आमच्या घरात देव नव्हते, नियम होते. गाव विचारलं तर 'इथलंच' म्हणायचं. फोटो काढून घ्यायचा नाही. सातवीत माझा निबंध जिल्ह्यात पहिला आला आणि पेपरात फोटो यायचा ठरलं, तेव्हा आईने मला ताप आल्याची थाप मारून घरात कोंडून ठेवलं होतं. अनोळखी माणसाने दार वाजवलं तर आधी मागच्या दाराची कडी काढायची आणि मग पुढचं दार उघडायचं. का, हे विचारायचं नाही. एकदा विचारलं तेव्हा ती म्हणाली, "काही माणसं आपल्याला शोधतात. सापडलो तर मारतील." एवढंच. लहान पोरीला एवढं पुरतं. बाकीच्या मुली पालीला आणि अंधाराला भ्यायच्या, मी जनगणनेच्या मास्तरांनाही भ्यायचे. कान शेळीने ओढला असं आई सांगायची आणि भर उन्हाळ्यातही पदर कानावरून घ्यायची. आमच्याकडे शेळी कधी होती, हे मात्र तिने सांगितलं नाही.

ही गोष्ट बरीच जुनी आहे. मी नुकतीच कलाशिक्षण पुरं करून कोल्हापुरातल्या एका लहानशा संग्रहालयात मदतनीस म्हणून लागले होते, आणि दिवंगत शिरढोणकर मास्तरांच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन दुसऱ्या दिवशी सकाळी उघडायचं होतं. मास्तर शाळेत चित्रकला शिकवायचे आणि सुट्टी लागली की रंगांची पेटी घेऊन बाहेर पडायचे. विडीच्या कारखान्यातल्या बायका, स्मशानात लाकडं रचणारे, कोर्टाच्या पायरीवर ताटकळणारी माणसं. आयुष्यभर त्यांनी ह्यांचीच चित्रं काढली. आणि त्यांचा एक नियम होता. राजाच्या चित्राखाली राजाचं नाव असतं आणि मोळी विकणारीच्या चित्राखाली नुसतंच 'मोळीवाली', हे त्यांना चालायचं नाही. समोर बसलेल्या माणसाचं नाव, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव आणि गाव, सगळं विचारून ते चित्रावरच लिहायचे. म्हणून आम्ही प्रदर्शनाला नाव दिलं होतं 'नावानिशी'. ते मीच सुचवलं होतं आणि त्याबद्दल माझी पाठही थोपटली गेली होती.

मी तडक इनामदार मॅडमकडे गेले. प्रदर्शनाची सगळी जबाबदारी त्यांची. बाई हुशार, कष्टाळू आणि मनाने चांगली. फक्त एकदा काही सुचलं की दुसऱ्याचं ऐकायची नाही.

"मॅडम, ते गोणपाटातलं चित्र लावायला नको."

"कुठलं, केवळाबाई? अगं, ते तर सगळ्यांत महत्त्वाचं आहे! मास्तरांनी ते कधीच कुणाला दाखवलं नव्हतं. त्यांच्या मुलीला माळ्यावर सापडलं."

"कधी दाखवलं नाही म्हणजे काहीतरी कारण असेल. त्या बाईंच्या घरच्यांना आवडलं नाही तर?"

"घरचं कोण राहिलंय? ती बाई फार वर्षांपूर्वी वारली. मास्तर विचारणाऱ्या सगळ्यांना तसंच सांगायचे, असं त्यांची मुलगी म्हणते." मॅडमनी चष्मा काढला आणि माझ्याकडे निरखून बघितलं. "यशोधरा, तुझा चेहरा तिच्याशी किती जुळतो गं!"

"मामापण तेच म्हणतात," मी कशीबशी हसले.

"मग तर झकासच. ऐक. कार्यक्रमात प्रतिमापूजन कुणाचं करायचं, हा मला पेच होता. मास्तर सांगून गेलेत, माझ्या फोटोला हार घालायचा नाही म्हणून. मग मला सुचलं, त्यांनी काढलेल्या माणसालाच हार घालू! पाहुणे केवळाबाईंच्या चित्राला हार घालतील. हाराचं तबक धरून शेजारी तू उभी राहा. फोटो काय सुंदर येईल!"

फोटो. मी काही बोलणार तोच त्यांचा फोन वाजला. बोलता बोलता त्यांचा चेहरा उजळला. ज्येष्ठ चित्रकार उद्घाटनाला यायचे होते, त्यांची तब्येत बिघडली होती. पण पाहुण्याची सोय झाली होती. एक मंत्री दौऱ्यावर शहरात होते, ते यायला तयार झाले होते. "दिगंबरराव टेकाळे," फोन ठेवून मॅडम म्हणाल्या. "नशीबच म्हणायचं आपलं."

मला त्या नावाचं काही वाटलं नाही. पेपरात येणाऱ्या पुष्कळ नावांतलं ते एक नाव होतं.

संध्याकाळी घरी गेले तेव्हा आई भाकऱ्या थापत होती. ती एका खानावळीत दिवसभर भाकऱ्या करायची आणि घरी येऊन पुन्हा आमच्या दोघींच्या करायची. मी चपला काढल्या, दार लावून घेतलं, कडी घातली आणि उभ्या उभ्याच विचारलं, "आई, केवळाबाई कोण?"

तिचा हात परातीतच थांबला. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला तरी तिने ती उलटली नाही.

"कुठं ऐकलंस?"

"वाचलं. मास्तरांनी काढलेल्या चित्राखाली."

"कोन्ही बगितलं का तुला तिथं? त्या चित्रापाशी? कोन कोन व्हतं?" एका दमात तिची बोली बदलली. ही बोली मी तिच्या तोंडून फक्त झोपेत बरळताना ऐकली होती. जागेपणी ती कोल्हापूरचंच बोलायची, इतकं चोख की शेजारणींना ती इथलीच वाटायची.

"आई, घाबरू नकोस. मास्तरांनी सगळ्यांना सांगितलंय की ती बाई वारली."

"मलाच म्हनले व्हते ते. म्हनले, केवळाबाई, मी तुम्हाला मेलेली सांगतो, तुम्ही जगा." तिने गॅस बंद केला. "कापडात गुंडाळून ठिवतो म्हनले व्हते."

मग तिने सांगितलं. इतक्या वर्षांनी सांगायचं तर माणूस आडवळणं घेतं, रडतं, थांबतं. तिने तसं काही केलं नाही. कोर्टात सांगावं तसं सांगितलं.

बनपिंपळा हे परभणीकडचं गाव. तिथल्या गायरानातला एक पडीक तुकडा तिने आणि तिच्या नवऱ्याने दगड वेचून वहितीला आणला होता. सरकार तो त्यांच्या नावावर करून देणार असं चाललं होतं. गावातल्या बड्या घरांना ते खपलं नाही. "तुह्या बापाला उभ्या ज्वारीत मारलं. सुदाम नाव त्याचं. विठ्ठल कोनी नव्हता, ते म्या शाळेत घालताना सांगितलं. म्या ज्वारीतच दडले व्हते. तू पोटात व्हतीस. तोंडात पदर कोंबून बसले अन् समदं बगितलं. कुऱ्हाड कुनाच्या हातात व्हती, तेबी."

तिच्याशिवाय आणखी माणसांनी बघितलं होतं. खटला उभा राहीपर्यंत एकेक करून सगळे फिरले. साक्षीच्या आदल्या दिवशी तिला रस्त्यात गाठून कान फाडला, उद्या कोर्टात तोंड उघडलंस तर तुला आणि पोरीला जिती ठेवत नाही म्हणून सांगितलं. ती फाटक्या कानाने, मला मांडीवर घेऊन गेली आणि साक्ष दिली. त्याच दुपारी वकिलाच्या ओसरीवर मास्तरांनी तिचं चित्र काढलं. नाव विचारलं, तिने सांगितलं. त्या दिवशी ती कुणालाच नाव सांगायला भीत नव्हती. पुढे आरोपी सुटले, आमच्या झोपडीला आग लागली आणि मास्तरांनी आम्हा दोघींना कोल्हापूरच्या गाडीत बसवून दिलं. कोल्हापुरात कांबळे इतके, की कुठले कांबळे म्हणून कुणी फार खोदून विचारत नाही. म्हणून आम्ही कांबळे झालो.

माझा बाप ज्वारीत मेला हे मला माझ्या चोविसाव्या वर्षी, करपलेल्या भाकरीच्या वासात कळलं. मला रडू यायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर मला फक्त भीती वाटत होती, आणि त्या भीतीत मी जे विचारायला नको तेच विचारलं.

"कुऱ्हाड कुणाच्या हातात होती?"

"दिगू टेकाळे. सरपंचाचा ल्योक."

मी मटकन खाली बसले. आईला वाटलं, बापासाठी. ती माझ्या पाठीवरून हात फिरवायला लागली. मी म्हणाले, "आई, उद्या उद्घाटनाला दिगंबरराव टेकाळे येणार आहेत. मंत्री. हार घालायला. त्याच चित्राला. आणि तबक मी धरायचंय."

पाठीवरचा हात निघाला. आई उठली, फळीवरची पिशवी तिने खाली ओढली आणि कपडे भरायला लागली. दोन लुगडी, माझे दोन ड्रेस, पिठाचा डबा. पिठाचा डबा तिने कशाला घेतला कोण जाणे. मी बघत राहिले. ह्या पिशवीची मी जन्मभर वाट बघत होते असं मला वाटलं.

"मी उद्या जातच नाही," मी म्हणाले. "पहाटेच्या गाडीने निघू."

"न्हाई गेलीस तर लोक घरी येतील विचारत. तो दशरथ दोन गल्ल्या सोडून राहतो. तबक धरनारी कामून आली न्हाई, कोन हाय, कुठली हाय, चारचौघांत चर्चा व्हईल." पळून जाण्याचा तिचा अभ्यास माझ्यापेक्षा जास्त होता. "तू जा. मान खाली घाल. हार झाला की तिथून सरळ स्टँडवर ये. मी पिशवी घेऊन थांबते."

रात्रभर ती आणि मी एकमेकींना झोप लागल्याचं दाखवत पडून होतो. पहाटे केव्हातरी तिने हळूच विचारलं, "कसं काढलंय गं?"

"काय?"

"चित्र. म्या पाहिलंच न्हाई. ओलं व्हतं, तसंच मास्तर घेऊन गेले."

"चांगलं काढलंय," मी म्हणाले. "मी त्यात आहे थोडी. मूठ आहे माझी."

तिने उठून अंघोळीचं पाणी तापत ठेवलं.

सकाळी दालन भरून गेलं होतं. मॅडमनी मला बघितल्याबरोबर माझा पदर सारखा केला. केवळाबाई समोरच्या भिंतीवर, सगळ्यांत मध्ये आणि जरा उंचावर. तिच्याखाली समई, समोर पाट, पाटावर फुलं. दशरथमामांनी बाजूला एक चौरंग आणून ठेवला होता, म्हणजे पाहुण्यांचा हात हार घालायला पुरावा. मी तबक घेऊन उभी राहिले. हार निशिगंधाचा होता, चांगला जाडजूड.

बाहेर गाड्यांचे दरवाजे वाजले. आधी पोलीस आले, मग पांढरे कपडे घातलेली पाच-सहा माणसं, मग ते. मी त्यांच्या पायांकडेच बघत होते. साधे, चांगले पॉलिश केलेले बूट. ते बूट दालनातून सावकाश फिरत आले, एकेका चित्रापुढे थांबत, आणि माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"हे ते चित्र का?"

"हो साहेब," मॅडम म्हणाल्या. "मास्तरांनी कधीही न दाखवलेलं."

ते वाचत होते. मला त्यांचा श्वास ऐकू येत होता. मग तो आवाज माझ्या डोक्यावर आला. "तुम्ही कोण?"

"मी इथं काम करते."

"नाव?"

"यशोधरा कांबळे."

"कुठल्या कांबळे?"

आयुष्यभर पाठ केलेलं उत्तर मला आठवेना. "इथल्याच," मी शेवटी म्हणाले. "कोल्हापूरच्या."

"वर बघा की जरा."

मी वर बघितलं. साठीच्या आतले, पिकल्या केसांचे, कुणाच्याही लग्नात यजमान म्हणून शोभावेत असे गृहस्थ होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, चित्राकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे बघितलं. मॅडम उत्साहाने म्हणाल्या, "आम्हालाही ते साम्य जाणवलं साहेब! योगायोग बघा."

"योगायोग," ते म्हणाले. मग त्यांनी तबकातला हार उचलला, चौरंगावर चढले आणि माझ्या आईच्या चित्राला हार घातला. टाळ्या झाल्या. मी स्टँडपर्यंतचा रस्ता मनात मोजत होते. मागच्या दाराने बाहेर, डावीकडे बोळ, मग रिक्षा. पण त्यांनी माईक हातात घेतला, आणि मला त्यांच्या शेजारून हलता येईना.

"मित्रहो, आज मला भरून आलं आहे," ते म्हणाले. "बनपिंपळा हे माझं स्वतःचं गाव. ह्या केवळाबाईंना मी जवळून ओळखत होतो. मला बहिणीसारख्या होत्या त्या. फार सोसलं हो त्या माउलीनं. पुढे गाव सोडून गेल्या आणि परमुलखात वारल्या, असं आमच्या कानांवर आलं. आज त्या असत्या, तर ह्याच व्यासपीठावर मी त्यांचा साडीचोळी देऊन सत्कार केला असता. पण माणूस जातं, चित्र राहतं."

लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. मॅडमनी डोळे टिपले.

आणि मला काय वाटलं ते मी लपवत नाही. मला हायसं वाटलं. बापाचा मारेकरी माझ्यापासून हातभर अंतरावर उभा राहून माझ्या आईला बहीण म्हणत होता आणि मला हायसं वाटत होतं. त्यांच्या मनात काही शंका आली असलीच, तर ती त्यांनी स्वतःच मोडीत काढली होती. आई मेली म्हणून त्यांनी पोलिसांसमोर, पत्रकारांसमोर जाहीर केलं होतं. आता आम्हाला कुणी शोधणार नव्हतं. स्टँडवर जायचंही कारण नव्हतं. घरी जाऊन पिशवी रिकामी करायची, पिठाचा डबा फळीवर ठेवायचा आणि इथून पुढे खुशाल जगायचं. फक्त गप्प राहायचं होतं, आणि त्यात आम्ही दोघी तयार झालेल्या होतो.

"हार काढा."

आवाज मोठा नव्हता. मागच्या बाजूने आला. दोन-चार लोकांनी वळून बघितलं. मी बघायची गरज नव्हती.

"हार काढा तो. जित्या मानसाच्या चित्राला हार घालत न्हाईत."

गर्दी थोडी फाकली. आई उभी होती. हातात पिशवी तशीच. चित्र एकदा डोळ्यांखालून घालावं आणि स्टँडवर जावं म्हणून ती आली असणार, आणि गर्दीत अडकली असणार. मी तिच्याकडे बघून मान हलवली, नको, नको. तिने माझ्याकडे बघितलंच नाही. ती चित्राकडे बघत होती.

एका पोलिसाने तिच्या दंडाला धरलं. "मावशी, मागं व्हा." मॅडम गोंधळून म्हणाल्या, "कोण आहेत ह्या?" आणि दशरथमामा गर्दीतून पुढे घुसले. "ओ साहेब, सोडा त्यास्नी. आमच्या यशूची आई हाय ती. शालनवैनी, काय झालं ओ?"

"शालन न्हाई, दशरथभाऊ. तुमच्याशी खोटं बोलले म्या, राग मानू नका." आईने पिशवी खाली ठेवली. मग मोकळ्या झालेल्या हाताने कानावरचा पदर मागे सारला. "म्या केवळाबाई. सुदाम खंदारेची बायको. बनपिंपळ्याची."

दालनातली माणसं तिच्या कानाकडे बघत होती, मग चित्रातल्या कानाकडे, मग परत तिच्याकडे. कुणीतरी फोटो काढला. फ्लॅश उडाला तशी मी दचकले, आई दचकली नाही.

टेकाळे माईक धरून उभे होते. त्यांचा चेहरा बदलला नाही. इतका वेळ न बदललेला चेहरा मी पुन्हा कधी बघितला नाही. मग ते हसले. "वा! आनंद आहे. म्हणजे, आमच्या कानांवर चुकीचं आलं म्हणायचं. ताई, आपण बसा ना पुढे. कुणीतरी खुर्ची द्या."

"वळखलं न्हाई का, दिगूआण्णा?" आई म्हणाली. "बहीन म्हनलास ना आत्ता? मग सांग की मंडळींना, बहिनीचा नवरा कसा मेला. तू न्हाई सांगत तर म्या सांगते. कोर्टात एकदा सांगितलेलंच हाय."

माईक बंद झाला होता की त्यांनी केला होता, माहीत नाही. पांढऱ्या कपड्यांतली दोन माणसं आईच्या दिशेने सरकली. दशरथमामा आईच्या पुढे येऊन उभे राहिले, आणि त्यांच्या शेजारी आणखी कोण कोण. इनामदार मॅडम रडवेल्या आवाजात "जरा थांबा, जरा थांबा" म्हणत होत्या. आई पुढे येत होती. चित्रापाशी आली, तिने हात वर केला. हात हारापर्यंत पुरेना. चौरंगावर चढायला गेली तर गुडघ्याने साथ दिली नाही. सगळ्यांच्या समोर ती एकदा चढायला गेली आणि खाली आली.

तेव्हा तिने माझ्याकडे बघितलं.

धीर आला की माणूस पुढे होतो असं मला वाटायचं. ते खोटं आहे. मला धीरबिर काही आला नाही. मागचं दार कुठे आहे हे मला अजूनही नीट ठाऊक होतं. मी तबक पाटावर ठेवलं. ते वाजलं. मी चौरंगावर चढले. चित्रातली बाई आता माझ्या अगदी तोंडासमोर होती आणि मी मूठ बघितली, माझी. मग दोन्ही हातांनी हार काढून मी खाली उतरले.

"यशोधरा, काय करतेस?" मॅडम म्हणाल्या.

मला ते खरंच माहीत नव्हतं. हार माझ्या हातात लोंबत होता आणि तो कुठे ठेवायचा हे मला समजेना. पाटावर ठेवावा तर तो पूजेचा. जमिनीवर टाकावा तर फुलं. मी आईकडे बघितलं.

"ज्याचा त्याला दे," आई म्हणाली.

चार पावलं होती. मी ती चालले. टेकाळे माझ्याकडे बघत होते आणि ह्या खेपेला मी मान खाली घातली नाही, घालायची होती पण घातली गेली नाही. मी हार पुढे धरला. पत्रकार बघत होते, पोलीस बघत होते, त्यांची माणसं बघत होती. हात पुढे करण्यावाचून त्यांना दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं. त्यांनी तो घेतला. बोटं माझ्या बोटांना लागली, ती ओली होती.

मागे आई बोलायला लागली होती. एका तरुण पत्रकाराने विचारलं, "मावशी, पहिल्यापासून सांगा," आणि ती ज्वारीपासून सांगत होती, न रडता, न थांबता. लोक तिच्याभोवती सरकले आणि दालनाची ही बाजू रिकामी होत गेली. टेकाळे तिथेच उभे होते. त्यांनी हार डाव्या हातातून उजव्या हातात घेतला, आपल्या माणसांकडे वळून पुढे केला. कुणी घ्यायला आलं नाही.